रात्री कूस कोण बदलतं?

परवा संध्याकाळी औषधाच्या दुकानात माझ्या पुढे एक मुलगा उभा होता. पंचविशीचा असेल. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात मोबाईल. मोबाईलवरचा एक फोटो तो दुकानदारांना दाखवत होता, आमच्याकडून स्क्रीन जरा झाकून. "आजोबांना बेडसोल झालाय. ह्याच्यावर सगळ्यात स्ट्राँग मलम कुठलं?" दुकानदार वयस्कर होते. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला, डॉक्टरांना दाखवलंत का म्हणून विचारलं, आणि "दाखवणारच आहोत" हे ऐकल्यावर दोन ट्यूबा आणि पावडरीची एक डबी काउंटरवर मांडली. त्यानं तिन्ही घेतल्या. पैसे देताना फोटो मला ओझरता दिसला. बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकाच जागी दाब पडून होणारी जखम. माकडहाडावर काळपट कड, मध्ये पिवळं. मला राहवलं नाही. "रात्री कूस कोण बदलतं रे त्यांची?" अनोळखी बाईनं असं मध्येच विचारलं तरी त्याला राग आला नाही. "ब्युरोच्या मावशी आहेत ना. सकाळी आठ ते रात्री आठ." मी म्हटलं, आणि रात्री? तो क्षणभर थांबला.

"रात्री झोपतात ते."

ऑफिस सुटल्यावर घरी जायच्या आधी आजोबांच्या औषधासाठी रांगेत उभा राहणारा नातू होता तो. फोटो काढायला त्यानं स्वतः जखम उघडून पाहिली होती, नाकाला रुमाल लावून का होईना. माया कमी नव्हती. तरीही ते वाक्य मला घरापर्यंत पुरलं आणि अजून जात नाही. आठ ते आठ. बारा तास एक माणूस एकाच बाजूवर, एकाच हाडावर. त्या बारा तासांवरचं औषध त्या तीन डब्यांपैकी एकातही नव्हतं, आणि हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

आमच्या सांगलीच्या घरी आजीच्या पलंगाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा असायचा, किलोचा. त्यात मलमं. आजी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. पाठीला जखम झाल्याची बातमी नातेवाइकांत पसरली तसा डबा भरत गेला. सोफ्रामायसिन आणि कैलास जीवन घरचीच. मुंबईच्या काकांनी परदेशी ट्यूब आणली, तिच्यावरची अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती. आत्यानं वैद्यांकडून जात्यादि तेल आणलं, काचेच्या बाटलीत, हिरवट आणि उग्र वासाचं. समोरच्या काकूंनी कोरफड. कुणी मधाची बाटली, कुणी शंभर वेळा धुतलेलं तूप, आणि एका पाहुण्यांनी तर कच्च्या पपईचा कीस बांधा म्हणून हट्टच धरला होता. यातलं काहीच वेडगळ म्हणून मी टाकणार नाही. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे, म्हणजे जखमेवरचे, साठ उपचार सांगितले आहेत, त्यात मध आहे, तूप आहे. मधाच्या पट्ट्या आज मोठ्या रुग्णालयांतही वापरतात. पपईतला पापेन मेलेलं मांस विरघळवतो, त्याची मलमं कितीतरी वर्षं विकली गेली. अमेरिकेत २००८ साली मात्र गंभीर ॲलर्जीच्या तक्रारींमुळे तिथल्या औषध प्रशासनानं ती बाजारातून काढायला लावली. प्रत्येक वस्तूमागे माणूस होता आणि त्याची धडपड खरी होती. लहान होते तरी एक गोष्ट मला दिसायची. डबा घेऊन येणारे सगळे दुपारी यायचे. चहा व्हायचा, आजीच्या कपाळावरून हात फिरायचा, डोळे पुसले जायचे, आणि पाचच्या गाडीला लोक निघायचे.

रात्री अकरा, एक, तीन, पाच. गजराच्या घड्याळाला आईनं या वेळा शिकवल्या होत्या. एकच्या पाळीला बाबा, बाकीच्या तिच्या.

हे वेळापत्रक घालून दिलं ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी. मिरजेहून निवृत्त झालेल्या, सायकलवर यायच्या, पदर कमरेला खोचून कामाला लागायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि पलंगाखाली सरकवला. मग आजीला कुशीवर घेतलं, पाठ उघडी केली आणि आईला म्हणाल्या, "ताई, लाल दिसायची वाट बघू नका. आपल्या कातडीवर लाल दिसत नाही. हाताची मागची बाजू लावा. गरम लागतंय? कडक लागतंय? मग तिथं आत सुरू झालंय." पुढे मोठी झाल्यावर मी या विषयावरचं मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की गोऱ्या कातडीवरचा लाल डाग, बोट दाबलं तरी न फिकटणारा, हीच पहिली खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. सावळ्या पाठीवर तो डाग जांभळट, काळसर होतो, संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली तर दिसतच नाही. आपल्याकडे जखम उशिरा कळते त्याला हेही एक कारण. सिस्टरनी मला आणि धाकट्या भावालाही हात लावून पाहायला लावलं होतं. आजीच्या पाठीचा तो गरम चट्टा माझ्या हाताला अजून आठवतो.

वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हातभर पसरलेली असू शकते हे मला तेव्हा कळलं. सिस्टर गॉजची पट्टी चिमट्यानं आत सरकवत राहायच्या आणि ती जातच राहायची. दाराला वाळवी लागली की वरचा रंग शेवटपर्यंत शाबूत असतो, तसं ते होतं. कारण मार आधी आत बसतो. हाड एका बाजूला, गादी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये चेपलेलं मांस. यूजीन लँडिस या संशोधकानं १९३० मध्ये निरोगी माणसांच्या नखाच्या कडेतल्या केशवाहिन्यांमधला दाब मोजला, तो पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरच्या आसपास भरला. बाहेरचा दाब फार वेळ त्याच्यावर राहिला की रक्त थांबतं, हा ढोबळ हिशेब त्यावरूनच निघाला. हा आकडा काही प्रत्येकाला लागू नाही. म्हाताऱ्या, अशक्त शरीराला त्याहून कमी दाबही पुरतो. पलंगावर निश्चल पडलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली, टाचेखाली, खुब्याखाली तो सहज ओलांडला जातो. आपण झोपेत किती वेळा वळतो ते आपल्याला ठाऊक नसतं. शरीर आपलं आपण सावरून घेतं. आजीचं ते सावरणंच गेलं होतं. स्नायू त्वचेच्या आधी मरतो, आणि वरच्या त्वचेवर लावलेलं मलम त्याच्यापर्यंत पोचत नाही.

"आमचे सर्जन म्हणायचे," सिस्टर सांगायच्या, "बेडसोरवर वाटेल ते ठेवा, फक्त पेशंट ठेवू नका." हे वाक्य शल्यचिकित्सकांमध्ये जगभर फिरतं असं नंतर समजलं.

आजीला वळवणं हे दोन माणसांचं काम. अंगाखाली आडवी दुहेरी चादर घातलेली, तिची टोकं दोघांनी धरायची, "एक, दोन, तीन" म्हणून उचलायचं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं मांस पुढे जातं. पूर्ण कुशीवर टाकायचं नाही, नाहीतर भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांत कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. आजीला टीव्हीवरची मालिका बसून बघायची असायची, म्हणून पाठीला तक्के लावले की ती हळूहळू खाली घसरायची, आणि त्या घसरण्यानंही जखम फाटायची. तेव्हा आधी गुडघ्यांखाली लोड, मग पाठ, तीही थोडीच उंच. गोधडी काढून टाकली, कारण तिच्या धाव्याच्या शिवणी रुततात. आजीच्याच आईनं शिवलेली ती गोधडी. आजीनं त्या दिवशी जेवताना तोंड फिरवलं होतं. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही सिस्टरनी बंद केली. भोकाच्या कडेनं गोल दाब पडतो आणि मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं, असं त्यांचं म्हणणं, आणि आजची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. पुढे काकांनी हवेची गादी पाठवली, तिचा पंप रात्रभर घुमायचा. पण ते भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की पंप बंद, गादी चपटी, आणि आजी थेट फळीवर. सिस्टरनी आईला गादीखाली तळहात घालून बघायला शिकवलं होतं. वर इंचभर हवेचा थर लागला नाही तर गादी असून नसल्यासारखी. काळोखात बॅटरी दातांत धरून आई हे बघायची.

मालिश बंद झाली ते सगळ्यांत जड गेलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणजे तेल. आत्या आली की तिचे हात आपोआप आजीच्या पाठीकडे जायचे. दुखऱ्या, गरम झालेल्या हाडावर चोळलं की आधीच गुदमरलेलं मांस आणखी चेपतं हे तिला पटेना. स्पिरिट चोळून पावडर लावायची पद्धत तर दवाखान्यांतूनच घरोघर आली होती, सिस्टर स्वतःच तशा शिकलेल्या. "आम्हीपण केलंय वर्षानुवर्षं," त्या म्हणायच्या. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, चिरते. मग आईनं एक वाटणी करून दिली. पाठीला कुणी हात लावायचा नाही. हात आणि पोटऱ्या मुलांच्या, खोबरेल तेल, हलक्या हातानं. आजीची पोटरी कागदासारखी पातळ लागायची. ती डोळे मिटून म्हणायची, "आणि वर, आणि थोडं वर." त्या तेलानं जखमेला काही झालं नसेल. आजीला मात्र बरं वाटायचं, आणि आम्हालाही.

मलमांचा उपयोगच नाही असं मला म्हणायचं नाहीये, आणि तसं म्हणणं खोटं ठरेल. डायपर लावावा लागला तेव्हा सिस्टरनी झिंक ऑक्साइडचं जाड क्रीम आणवलं. लघवीनं भिजून मऊ पडलेल्या, पण अजून न फुटलेल्या त्वचेवर त्याचा थर म्हणजे खरंच राखण. जखमेत जंतू वाढले तेव्हा डॉक्टरांनी चांदीचं पांढरं मलम दिलं, ठरावीक दिवस, मग बंद. उरलेली गंमत जखम धुण्यात होती. नुसतं सलाइन. आमच्या घरातल्या मोठ्यांना हे फारच पुळचट वाटायचं. झोंबत नाही, फेस येत नाही, ते कसलं औषध? फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कडक आयोडीन जंतूंबरोबर नव्यानं भरून येणाऱ्या पेशीही मारतात, म्हणून सिस्टर ते जपून वापरायच्या. आणि जखम कोरडी करायची नाही, हे तर आमच्या साऱ्या शिकवणुकीच्या उलट. हवा लागू द्या, पावडर मारा, खपली धरू द्या, हळद दाबा, हेच आपण ऐकत आलो. इंग्लंडमधल्या जॉर्ज विंटर या संशोधकांनी १९६२ साली डुकरांच्या पाठीवर प्रयोग करून दाखवलं की ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा दुपटीच्या आसपास वेगानं धरते. त्याच वर्षी इंग्लंडमधल्याच डोरीन नॉर्टन या परिचारिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या रुग्णालयातला अभ्यास छापला. दर दोन-तीन तासांनी कूस बदललेल्या म्हाताऱ्यांना जखमा कमी झाल्या होत्या. धोका कुणाला आहे हे ओळखायला नॉर्टननं पाच गोष्टी ठरवल्या: शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, मलमूत्रावरचा ताबा. पाचांत मिळून वीस गुण, चौदा किंवा कमी असतील तर सावध. ते पाच प्रश्न मी वाचते तेव्हा त्यात आजी दिसते. ती स्वतःच्या बळावर किती हलू शकते, एवढंच ते पाचही फिरून फिरून विचारतात.

आणि सगळ्यात चांगलं मलम कुठलं, त्या मुलाचा प्रश्न? तोही विचारून झालाय. कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली ५१ चाचण्या, सुमारे तीन हजार रुग्ण, एकत्र करून मलमं आणि ड्रेसिंगं एकमेकांसमोर ठेवली. अमुक एक दुसऱ्यापेक्षा नक्की सरस, असं खात्रीनं सांगता येईल असा पुरावा मिळाला नाही. हे वाचून मला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. एवढी माणसं, एवढे पैसे, एवढी आशा त्या ट्यूबांत.

वासाबद्दल लिहावं की नाही, मी बराच वेळ थांबले होते. लिहिते, कारण ज्या घरांत हे झालंय त्यांना तो ठाऊक आहे आणि कुणी त्याचं नाव घेत नाही. तो गोडसर, कुजका वास उदबत्तीनं जात नाही, उदबत्तीत मिसळून आणखी भयंकर होतो. मला आजही एका विशिष्ट चंदनी उदबत्तीनं मळमळतं. आजी पूर्ण शुद्धीत होती, आणि तिला तो येत होता. आयुष्यभर पहाटे आंघोळ करून सोवळ्यानं स्वयंपाक केलेली बाई. तिनं पाहुण्यांना खोलीत येऊ देणं बंद केलं. "बाहेरच बसवा, मी झोपलेय म्हणून सांगा." डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोलचं जेल दिलं, जखमेत लावायला. काही दिवसांत वास बराच उतरला. जखम तेवढीच होती, तेवढीच खोल. पण आजीनं आपणहून सांगितलं, "शेजारच्या काकूंना बोलाव, पुष्कळ दिवसांत गप्पा नाहीत." त्या एका ट्यूबबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

जखम भरली ती जेवणातून, असं आई मानते. आजी एकादश्या सोडायला तयार नव्हती, अंड्याचं तर नावच काढायचं नाही. चाळीस किलोची बाई, तिला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं लागणार, आणि ती दोन घास दूधभातावर. आईनं मुगाचं घट्ट वरण, दह्यातलं सातू, नाचणीच्या सत्त्वात दुधाची पावडर, घरी फाडलेलं पनीर, असं दिवसभर चमच्याचमच्यानं घातलं. आषाढीच्या सुमारास सुरू झालेली जखम थंडीत लाल, दाणेदार तळ धरू लागली. सिस्टरनी आईला बोलावून दाखवलं. दोघी त्या जखमेकडे अशा कौतुकानं बघत होत्या की दारात उभ्या असलेल्या बाबांना कळेना काय झालं. होळीपर्यंत ती भरली.

मग पुढच्या पावसाळ्यात आजी खंगत गेली, आणि जाण्याच्या दोनच दिवस आधी त्याच जागी, भरलेल्या व्रणाच्या वर, एका रात्रीत जांभळा-काळा मोठा डाग उमटला. आदल्या रात्री नव्हता. आईनं नेमानं पाहिलं होतं. आपल्याकडे भेटायला आलेले लोक एक वाक्य बोलतात, चांगल्या मनानंच: "सुनेनं काय केलं हो, पाठीला एक जखम होऊ दिली नाही." सुनेला मिळणारं ते शेवटचं प्रशस्तिपत्र. आईला ते मिळालं नाही. आंघोळ घालताना आत्यानं डाग पाहिला आणि एवढंच म्हणाली, "शेवटी शेवटी दमली असशील वहिनी." आत्याच्या बोलण्यात विखार नव्हता. आई त्यावर काही बोलली नाही. पण नंतर कितीतरी वर्षं, भांडी घासताना, प्रवासात, कधीही, ती मध्येच म्हणायची, "आदल्या रात्री पाचला मी बघितलं होतं गं. काही नव्हतं."

अमेरिकेतल्या कॅरन केनेडी या परिचारिकेनं १९८९ साली नेमक्या अशा डागांबद्दल लिहिलं. अखेरच्या दिवसांत इतर अवयव हात टेकतात तशी त्वचाही टेकते. माकडहाडावर अचानक काळा-जांभळा डाग येतो, काही तासांत वाढतो, आणि सगळी काळजी घेतली तरी येऊ शकतो. मी हे आईला मराठीत वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग "बरं" म्हणाली आणि उठून आत गेली. आत्या तोवर राहिली नव्हती. एवढ्या उशिरा कळलेल्या गोष्टीनं आईचं किती हलकं झालं ते मला सांगता येत नाही. पुरतं झालं नसावं.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या मामींचा खुबा मोडला. भावंडांच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, मी काय पाठवू, इकडे एक फार चांगलं क्रीम मिळतं. मी लिहिलं की क्रीम डॉक्टर सांगतील ते, सध्या जाड, घट्ट फोमची गादी हवी आहे आणि रात्री हव्या आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये आला. जखम नसलेल्या पण धोक्यातल्या वृद्धांना चांगल्या दाट फोमवर दोन, तीन की चार तासांनी वळवलं, यात फरक दिसला नाही. डॉक्टरांना हे दाखवून विचारलं. पाठ रोज तपासायच्या अटीवर त्यांनी रात्री तीन तासांची मुभा दिली. मामांना सलग तीन तास झोप मिळणं ही मोठी गोष्ट आहे. शनिवारची रात्र मी घेतली, पुण्याहून दुपारची गाडी पकडून जाते. नाशिकच्या भावानं आठवड्यातून तीन रात्रींच्या मावशींचे पैसे उचलले. अमेरिकेतल्या भावाची दुपार तेव्हा आपली मध्यरात्र, म्हणून दोन वाजता फोन करून मामांना उठवायचं काम त्यानं मागून घेतलं. मामांची कंबर धरते, एकट्यानं चादर उचलवत नाही. शेजारचा बारावीचा मुलगा पहाटे पाचला अभ्यासाला उठतो, तो त्या पाळीला येऊन एक टोक धरतो. दोनच्या पाळीला मावशी नसतील त्या रात्री खालच्या मजल्यावरचे काका येतात. गुरुवारी ते नाइट ड्यूटीला असतात. गुरुवारला अजून कुणी मिळालेलं नाही, मी विचारते आहे.